बाइक मॉडिफिकेशन आणि नंबर प्लेट : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दुचाकीत बदल करण्याबद्दल आणि नंबर प्लेटबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. इथली कलमे मोटार वाहन कायद्याची आणि नियम केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधले आहेत; दोन्ही देशभर लागू आहेत. जिथे महाराष्ट्राची किंवा गोव्याची वेगळी गोष्ट आहे, तिथे तसे लिहिले आहे. आपला प्रश्न सापडला नाही तर आधी प्रश्न १७ वाचा, कारण निम्म्या शंका तिथेच मिटतात.

१. नंबर प्लेटचे नियम नेमके कुठे लिहिले आहेत?

केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधल्या नियम ५० आणि ५१ मध्ये. प्लेट कशी असावी, कुठे लावावी, कोणत्या रंगाची असावी हे नियम ५० सांगतो. अक्षरे आणि अंकांची मापे नियम ५१ मध्ये आहेत. ते मोडले तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १७७ खाली दंड होतो : पहिल्या वेळी ५०० रुपये, पुढच्या प्रत्येक वेळी १,५०० रुपये. रक्कम लहान वाटते म्हणून कोणी मनावर घेत नाही. पण धडक देऊन पळालेल्या गाडीचा माग काढायला रस्त्यावरच्या माणसाच्या हाती बहुतेक वेळा तेवढा एक नंबरच असतो. तो वाचता येणे ही जखमी माणसाची गरज आहे.

२. दुचाकीच्या प्लेटचे आणि अक्षरांचे माप किती?

मागची प्लेट २०० × १०० मिमी. पुढची साधारणपणे २८५ × ४५ मिमी. जागा असेल त्या मॉडेलना पुढेही २०० × १०० बसते.

मागच्या प्लेटवर अक्षरांची उंची ३५ मिमी, अंकांची ४० मिमी, रेषेची जाडी ७ मिमी आणि दोन अक्षरांमधली जागा ५ मिमी. पुढे अक्षरे आणि अंक दोन्ही ३० मिमी, जाडी ५, जागा ५. सत्तर सीसीपेक्षा कमी इंजिनच्या मोपेडला पुढे १५ मिमी उंची चालते, जाडी आणि जागा अडीच-अडीच मिमी.

खासगी पेट्रोल गाडीला पांढऱ्यावर काळी अक्षरे. खासगी इलेक्ट्रिक गाडीला हिरव्यावर पांढरी. व्यावसायिक वाहनाला पिवळ्यावर काळी, आणि व्यावसायिक इलेक्ट्रिकला हिरव्यावर पिवळी.

३. एचएसआरपी म्हणजे काय? खरी कशी ओळखायची?

हाय सिक्युरिटी रजिस्ट्रेशन प्लेट. १ एप्रिल २०१९ पासून तयार झालेल्या गाड्यांना ती कंपनीकडूनच येते. रस्त्याच्या कडेला ‘एचएसआरपीसारखी’ दिसणारी प्लेट तासाभरात करून मिळते, ती निव्वळ नक्कल असते. खरी प्लेट हातात घेऊन हे तपासा :

डाव्या कोपऱ्यात वर २० × २० मिमीचा अशोकचक्राचा क्रोमियम होलोग्राम असतो. तो पत्र्यात उष्णतेने दाबलेला असतो, नखाने खरवडून कड उचलत नाही. खालच्या डाव्या बाजूला लेझरने कोरलेला कायमचा क्रमांक असतो; त्यावरून बोट फिरवले तर शाई लागत नाही की पुसली जात नाही. अक्षरे पत्र्यातून उठावदार वर आलेली असतात आणि त्यांच्या काळ्या पट्टीवर तिरक्या ओळीत बारीक इंग्रजीत ‘इंडिया’ छापलेले असते. मागची प्लेट स्क्रूवर नाही, एकदाच बसणाऱ्या स्नॅप लॉकवर असते. ते लॉक काढायचे म्हटले तर मोडूनच निघते, आणि ते मुद्दाम तसेच केलेले आहे.

नकली प्लेटचा क्रमांक सरकारच्या ‘वाहन’ या नोंदणी प्रणालीत गाडीच्या नोंदीशी जोडलेला नसतो. तपासणीत ती तिथेच उघडी पडते.

४. माझी गाडी २०१९ च्या आधीची आहे. महाराष्ट्रात एचएसआरपी कुठे बसवायची, किती पैसे?

राज्यात दुचाकीसाठी ४५० रुपये अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे ५३१ रुपये असा दर ठरला. त्यात दोन्ही प्लेट आणि स्नॅप लॉक येतात. पहिली मुदत ३१ मार्च २०२५ होती, ती पुढे अनेकदा वाढवली गेली. मुदत वाढेल या भरवशावर थांबू नका.

नोंदणी परिवहन विभागाच्या transport.maharashtra.gov.in या संकेतस्थळावरूनच करा. तिथे आपल्या आरटीओचा कोड निवडला की त्या भागासाठी नेमलेल्या कंपनीच्या पानावर जाता येते. गाडीचा नंबर, चेसिस नंबरचे शेवटचे पाच आकडे, इंजिन नंबरचे शेवटचे पाच आकडे आणि ओटीपीसाठी मोबाइल लागतो. सर्च इंजिनमध्ये ‘एचएसआरपी’ टाकून वर दिसेल त्या दुव्यावर पैसे भरू नका, या नावाने बनावट संकेतस्थळे चालतात.

गाडी अजून आधीच्या मालकाच्या नावावर असेल, किंवा आरसीवरचा (नोंदणी प्रमाणपत्रावरचा) आणि चेसिसवरचा आकडा जुळत नसेल, तर नोंदणी अडते. आधी आरटीओत नोंद दुरुस्त करून घ्या, मग प्लेट.

५. नवीन गाडी घेतली, नंबर येईपर्यंत ‘ए/एफ’ (अप्लाइड फॉर, म्हणजे नंबरसाठी अर्ज केला आहे) लिहून फिरवली तर?

नाही चालत. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम ४१ स्पष्ट आहे : विक्रेत्याने नंबर लावल्याशिवाय नवीन गाडी ग्राहकाच्या ताब्यात द्यायचीच नाही. नोंदणीशिवाय गाडी चालवणे कलम १९२ मध्ये येते. पहिल्या गुन्ह्याला दंड दोन ते पाच हजार. पाडव्याच्या किंवा दसऱ्याच्या मुहूर्तावर गाडी घरी आणायची असेल तर कागद आणि पैसे आठवडाभर आधी द्या आणि विक्रेत्याकडून नंबर आल्याची खात्री करा. ‘आज गाडी न्या, प्लेट नंतर बसवू’ असे सांगणारा विक्रेता दंडाचा धोका तुमच्यावर ढकलत असतो.

६. नंबर मराठीत लिहिला तर काय बिघडले? महाराष्ट्रात तर चालायला हवा.

भावना समजते, पण नियम ५० मध्ये अक्षरे इंग्रजी आणि अंक आंतरराष्ट्रीय असावेत असे थेट लिहिले आहे. कॅमेऱ्याची वाचनप्रणालीही तेवढेच ओळखते. गाडीवर मराठीत काही लिहायची हौस असेल तर टाकी, बाजूची पॅनेल, मडगार्डचा मोकळा भाग आहेच.

७. नंबर तोच ठेवला, फक्त जरा स्टाइलमध्ये लिहिला. त्यालाही दंड?

हो. २१४ चे ‘राम’, ४९१२ चे ‘पवार’, ८०५५ चे इंग्रजी ‘बॉस’ हे महाराष्ट्रातले जुने प्रकार. त्यात २ चा ‘र’ करायला शेपटी ओढतात, ४ चा ‘म’ करायला वरची रेघ जोडतात, आणि पाहणाऱ्याला आकडा राहत नाही, शब्द राहतो. हाच नियमाचा भंग. पहिला किंवा शेवटचा आकडा मोठा करून बाकीचे बारीक ठेवणे, तिरपा टाइप, सावली असलेली अक्षरे, चकाकणारी रंगीत पट्टी, सगळे यातच.

पसंतीचा क्रमांक घेणे मात्र पूर्ण कायदेशीर आहे. आरटीओत शुल्क भरून २१४ घ्या. फक्त तो २१४ च दिसला पाहिजे.

८. प्लेटवर ‘पोलीस’, ‘प्रेस’, देवाचे नाव किंवा पक्षाचे चिन्ह लावले तर?

प्लेटवर नंबराशिवाय काहीही नको. अगदी कोपऱ्यातले लहान स्टिकरसुद्धा नको, कारण स्टिकर बहुतेक वेळा होलोग्रामवर किंवा लेझर क्रमांकावरच बसते. दसऱ्याची पूजा करताना कुंकवाचे बोट प्लेटवर ओढू नका. आकड्यांच्या मध्ये पडलेला लाल ठिपका लांबून ३ चा ८ करतो, आणि हळदीचा डाग पांढऱ्या परावर्तक पट्टीत मुरला की निघत नाही. टाकीवर किंवा हेडलाइटच्या वर ओढा.

९. पुढची प्लेट काढून व्हायझरवर स्टिकर लावला तर? आणि बुलेटच्या मडगार्डवर बाजूने लिहिलेला नंबर?

दोन्ही नाही. पुढची प्लेट वैकल्पिक नाही, आणि स्टिकर म्हणजे एचएसआरपी नव्हे. स्पोर्ट्स बाइकला पुढे जागा नसते ही तक्रार खरी आहे, म्हणून तर २८५ × ४५ ची अरुंद पट्टी ठरवली आहे. ती हेडलाइटच्या खाली, फोर्कच्या पुढे बसते.

जुन्या बुलेट आणि राजदूतवर पुढच्या मडगार्डच्या रेषेत, दोन्ही बाजूंना दिसणारा नंबर असायचा. दिसायला देखणा, पण नियम ५० सांगतो की पुढचा नंबर हँडलला समांतर, म्हणजे समोरच्याला दिसेल असा हवा. गाडीच्या अक्षाच्या रेषेत नको. मडगार्डच्या पुढच्या तोंडावर तो बसवता येतो. समोरची प्लेट नीट असेल आणि मडगार्डवर निव्वळ सजावटीची जुनी पाटी ठेवायची असेल, तर त्या पाटीवर नंबर लिहू नका.

१०. टेल टायडी बसवली तर चालते का?

सगळ्यात जास्त वेळा येणारा प्रश्न हाच, त्यामुळे जरा सविस्तर.

टेल टायडी म्हणजे मागचा लांब प्लास्टिकचा मडगार्ड काढून त्या जागी छोटा ब्रॅकेट लावणे. ब्रॅकेट बेकायदा नाही. त्याच्यासोबत ज्या चार गोष्टी निघून जातात, त्यातून गुन्हा होतो.

पहिली, प्लेटचा दिवा. मागचा नंबर पांढऱ्या उजेडात १५ मीटरवरून वाचता आला पाहिजे, असे नियम १०५ सांगतो. बऱ्याच स्वस्त ब्रॅकेटना दिवाच नसतो, किंवा दोन एलईडी असतात आणि त्यांचा उजेड प्लेटच्या वरच्या ओळीपर्यंतच पोचतो. रात्री गाडी भिंतीपुढे उभी करा, पंधरा मीटर मागे जा आणि खालचे चार आकडे वाचून पाहा.

दुसरी, लाल रिफ्लेक्टर. मोटारसायकलच्या मागे किमान एक लाल रिफ्लेक्टर नियम १०४ नुसार हवाच. तो कंपनीच्या मडगार्डवर असतो आणि त्याच्यासोबतच कपाटात जातो. तीस-चाळीस रुपयांचा सुटा रिफ्लेक्टर ब्रॅकेटच्या खाली दोन नटांवर बसतो. टेल लाइटचा बल्ब उडालेल्या रात्री मागच्या ट्रकला तुम्ही दिसता ते याच्यामुळे.

तिसरी, चाकावरचे आवरण. मागे माणूस बसायची सोय असेल तर मागच्या चाकाचा निम्म्यापेक्षा कमी भाग झाकलेला चालत नाही (नियम १२३). ओढणी, साडीचा पदर, पावसाळी कोटाचा बंद चाकात जाऊन गंभीर अपघात होतात. त्याच नियमात मागच्या माणसासाठी कायमची पकड आणि पायटे आहेत, तेव्हा ‘साडी गार्ड काढला तर चालेल का’ याचेही उत्तर हेच. मडगार्ड काढायचाच असेल तर चाकाजवळचा हगर (चाकाला लागून असलेले छोटे आवरण) आणि साडी गार्ड ठेवा.

चौथी, प्लेटचा कोन. छोट्या ब्रॅकेटवर प्लेट आकाशाकडे झुकते. उभ्या रेषेपासून ६० अंश झुकली की मागून येणाऱ्याच्या नजरेला ४० मिमीचा आकडा जेमतेम २० मिमीचा दिसतो. शिवाय परावर्तक पट्टी उजेड आलेल्या दिशेलाच परत पाठवते, पण तो फार तिरका पडला तर तिची ताकद झपाट्याने घटते. म्हणून तिरकी प्लेट रात्री काळपट दिसते. उलटी, म्हणजे सीटखाली आत वळवलेली प्लेट तर उंचावरच्या कॅमेऱ्याला दिसतच नाही. प्लेट शक्य तेवढी उभी ठेवा. बिजागरीवर किंवा बटणावर फिरणारी, वळणारी प्लेट लावली तर तो नुसता नियमभंग राहत नाही, नंबर लपवण्याचा हेतू सिद्ध होतो.

इंडिकेटर बदलत असाल तर एलईडीसाठी फ्लॅशर रिले किंवा योग्य रोधक लागतो. नाहीतर ते दुप्पट वेगाने चमकतात.

११. प्लेट खराब होऊ नये म्हणून वर ॲक्रिलिकची काच किंवा फिल्म लावू का?

नका लावू. धुरकट काच तर उघड गुन्हा आहेच, पण पारदर्शक काचही दोन उन्हाळ्यांत पिवळी पडते, तिच्या आत पावसाचे पाणी शिरून शेवाळ धरते आणि हेडलाइटचा उजेड चमकून आकडे पुसले जातात. एचएसआरपीला स्वतःचा संरक्षक थर असतो. सभोवती पातळ फ्रेम लावायची असेल तर ती होलोग्राम, लेझर क्रमांक किंवा निळी ‘आयएनडी’ अक्षरे झाकत नाही ना, ते पाहा.

१२. सामानामुळे प्लेट झाकली जाते. दुधाचे कॅन, सॅडल बॅग, मागची पेटी. यालाही चलान होते का?

होऊ शकते. प्लेट का झाकली याला नियमात सूट नाही. दुधाचे कॅन लावणाऱ्यांनी हुक सीटच्या पातळीवर, टेल लाइटच्या पुढे घ्यावेत, म्हणजे कॅनचा बूड प्लेटच्या मागे लोंबत नाही. सॅडल बॅगच्या मागच्या पट्ट्या सैल सोडू नका, त्या बरोबर दोन आकड्यांवर येऊन बसतात.

मागच्या पेटीसाठी २०२० मध्ये मापे ठरली आहेत : लांबी ५५० मिमी, रुंदी ५१० मिमी, उंची ५०० मिमीपर्यंत. पेटी मागच्या सीटच्या जागेवर ठेवली तर दुसरा माणूस बसवता येत नाही. सीटच्या मागे बसवली तर बसवता येतो, पण कंपनीने सांगितलेल्या एकूण वजनाच्या आत.

दसऱ्याचा झेंडूचा हार पुढच्या प्लेटवर लोंबत ठेवून दिवसभर फिरू नका. पूजा झाली की हँडलला दोन वेढे देऊन आखूड करा, आणि तो लॉकच्या किंवा केबलच्या आड येत नाही ना तेही पाहा.

१३. पावसात प्लेट चिखलाने भरते. साफ कशी करायची?

साबणाचे पाणी आणि मऊ फडके, बस्स. आधी पाणी ओतून चिखल भिजू द्या. कोरडा चिखल घासला तर त्यातली वाळू काळी पट्टी खरवडते. पेट्रोल, थिनर, तारेचा ब्रश वापरू नका. पेट्रोलने अक्षरांवरचा काळा थर सुटतो आणि पांढऱ्यावर पांढरे आकडे उरतात. अक्षरे उडाली तर घरी रंगवू नका, नवीन प्लेट घ्या (पुढचा प्रश्न).

१४. प्लेट मोडली, वाकली किंवा चोरीला गेली तर?

वाकलेली किंवा मोडलेली असेल तर ज्या मार्गाने पहिली मागवली (प्रश्न ४) तिथेच बदली प्लेटचा पर्याय आहे. एकच खराब झाली तर एकच मागवता येते. जुनी प्लेट बसवण्याच्या केंद्रात जमा करा.

हरवली किंवा चोरीला गेली तर आधी पोलिसांत तक्रार नोंदवा. नवीन प्लेटसाठी तिची प्रत लागतेच. ती तारीख पुढे तुमच्याच उपयोगाची आहे, कारण चोरलेली प्लेट दुसऱ्या गाडीवर लागू शकते. दरम्यान साध्या पत्र्यावर नियम ५१ च्या मापात नंबर लिहून लावा आणि तक्रारीची व नोंदणीची पावती जवळ ठेवा. कायद्याने तेवढ्याने सूट मिळत नाही, पण नंबर नसलेल्या गाडीपेक्षा हे कितीतरी बरे.

१५. माझी गाडी घरी उभी होती, तरी दुसऱ्या शहरातले ई-चलान आले. काय करू?

चलानसोबतचा फोटो मोठा करून पाहा. मॉडेल, रंग, आरसे, चाकांचा प्रकार, सीटचे कव्हर, काहीतरी वेगळे सापडतेच. काही वेळा नंबर तुमचा नसतोच : कॅमेऱ्याने किंवा हवालदाराने ८ चा ३ वाचलेला असतो, आणि समोरच्याची प्लेट फॅन्सी असते.

आपल्या गाडीचे चारही बाजूंनी फोटो काढा, त्या दिवशी ती कुठे होती याचा पुरावा (पार्किंगची पावती, सोसायटीचे सीसीटीव्ही) जमवा आणि महाट्रॅफिक ॲपच्या किंवा संकेतस्थळाच्या तक्रार विभागात चलान क्रमांकासह टाका. खरोखर तुमचाच नंबर दुसऱ्या गाडीवर दिसत असेल तर एवढ्यावर थांबू नका, पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या. दुसऱ्याचा नंबर लावणे हा भारतीय न्याय संहितेखाली फसवणुकीचा आणि बनावटीकरणाचा गुन्हा आहे. ‘लहानच रक्कम आहे’ म्हणून चलान भरून टाकू नका. भरले म्हणजे मान्य केले.

१६. सायलेन्सर बदलला तर नक्की कोणता कायदा लागतो? कंपनीच्या गाडीलाही आवाज असतोच की.

नियम १२० नुसार सायलेन्सर हवा आणि त्याने आवाज शक्य तितका कमी केला पाहिजे. कंपनीतून गाडी बाहेर पडताना चालत्या गाडीच्या आवाजाची मर्यादा ८० सीसीपर्यंत ७५ डेसिबल, ८० ते १७५ सीसीला ७७ आणि त्यावर ८० डेसिबल आहे. इंदोरी, पंजाब, शॉर्ट बॉटल, डॉल्फिन या नावांनी मिळणारे बहुतेक सायलेन्सर आतून पोकळ नळी असतात. कलम १९०(२) खाली पहिल्या गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि तीन महिने लायसन्सवर बंदी एवढी तरतूद आहे. राज्यातल्या अनेक शहरांत जप्त केलेले सायलेन्सर पोलीस रोडरोलरखाली घालतात.

‘डीबी किलर (आवाज कमी करायला सायलेन्सरच्या तोंडात घालायचा तुकडा) घातला आहे’ हा बचाव चालतो का? तो एका स्क्रूने निघतो, हे तपासणाऱ्यालाही माहीत असते. डीबी किलर घालूनही मान्यता नसलेला सायलेन्सर मान्यताप्राप्त होत नाही.

गाडीचे काय होते तेही सांगायला हवे. कार्ब्युरेटरच्या गाडीला मोकळा सायलेन्सर लावून जेट (पेट्रोल सोडणारी बारीक तोटी) तोच ठेवला तर पेट्रोल-हवेचे मिश्रण पातळ होते, इंजिन तापते, बेंड पाइप निळा पडतो, आणि थ्रॉटल सोडल्यावर जे फटाके वाजतात ते न जळलेले पेट्रोल नळीत पेटल्याचे असतात. २०२० नंतरच्या बीएस-६ (धुराच्या नव्या निकषांच्या) गाडीत धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि ऑक्सिजन सेन्सर असतो. कन्व्हर्टर गेला की पीयूसी लटकते. सेन्सरचे भोक बुजवले की इंजिनचा पिवळा दिवा पेटतो. ताकद वाढल्यासारखी वाटते, ती बहुतेक वेळा कानाला. आणि गल्लीत झोपलेले बाळ, दवाखान्यातला पेशंट यांना तो आवाज नको असतो, एवढे कारण पुरेसे असायला हवे.

१७. मग कोणते बदल चालतात आणि कोणते नाहीत? एक साधी कसोटी सांगा.

कलम ५२ : कंपनीने ठरवलेल्या मूळ वैशिष्ट्यांपेक्षा आरसीतला तपशील वेगळा होईल असा बदल करायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने के. जयचंद्र प्रकरणात हेच ठाम केले. मात्र कंपनीच्या मूळ वैशिष्ट्यांत न मोडणारा तपशील परवानगी घेऊन बदलता येतो आणि त्याची आरसीत नोंद होते, हेही सांगितले.

त्यामुळे कोणताही सुटा भाग घेण्याआधी तीन प्रश्न विचारा. आरसीवरची एखादी ओळ खोटी ठरते का? (इंजिन, चेसिस, रंग, इंधन, बसणाऱ्यांची संख्या.) नियमाने सक्तीची असलेली एखादी वस्तू निघते का? (आरसा, रिफ्लेक्टर, साडी गार्ड, प्लेटचा दिवा.) आवाज, धूर किंवा उजेड वाढतो का? तिन्ही उत्तरे ‘नाही’ असतील तर साधारणपणे अडचण नाही : सीट कव्हर, ग्रिप, मोबाइल होल्डर, विंडशील्ड, कंपनीचा लेग गार्ड, टाकीचे पॅड. एकही ‘हो’ आले तर आधी आरटीओ, मग गॅरेज.

बेकायदा बदलाला कलम १८२अ(४) खाली मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार दंड, किंवा दोन्ही. ‘प्रत्येक बदलामागे’ हे शब्द नीट वाचा.

१८. रंग बदलायचा आहे. रॅप केले तर परवानगी लागते?

मूळ रंग आरसीत लिहिलेला असतो. पूर्ण गाडी वेगळ्या रंगाची दिसत असेल तर रंग असो की रॅप, आधी आरटीओची परवानगी, मग काम, मग तपासणी करून आरसीत नोंद. टाकीवर पट्टे किंवा ग्राफिक्स असतील आणि मूळ रंग ओळखू येत असेल तर प्रश्न येत नाही.

ऑलिव्ह ग्रीन मात्र परवानगीनेही नाही. नियम १२१ नुसार तो रंग संरक्षण खात्याच्या वाहनांसाठी राखीव आहे. लष्करी छटेची बुलेट कंपनीने ज्या रंगात विकली त्या रंगात ठीक, गॅरेजमध्ये फासलेल्या रंगात नाही.

१९. एलईडी, फॉग लॅम्प, मोठा हॉर्न?

हेडलाइटच्या रिफ्लेक्टरचा आकार फिलामेंट नेमका कुठे आहे त्यावर बेतलेला असतो. त्यात एलईडी बल्ब घातला की उजेडाचा उगम दोन-तीन मिलिमीटर सरकतो, झोत फुटतो आणि समोरच्याचे डोळे दिपतात. तुम्हाला मात्र दूरचे पूर्वीपेक्षा कमी दिसते. जास्त वॅटचा बल्ब रिलेशिवाय घातला तर होल्डर वितळतो. जादा दिवे खाली, जमिनीकडे झुकवून, वेगळ्या स्विचवर आणि फ्यूजसह बसवा, आणि शहरात बंद ठेवा. स्पॉट लाइट आरटीओच्या पूर्वपरवानगीशिवाय नियम १११ ने निषिद्ध आहे. पुढे लाल दिवा, पोलिसांसारखा निळा-लाल चमकणारा दिवा नाहीच. हॉर्नचे स्वर बदलत जाणारे, किंचाळणारे प्रकार नियम ११९ खाली येतात.

२०. हँडल, टायर, आरसे?

हँडल बदलले की इंजिन चालू ठेवून ते एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वळवा. वळवताना रेस वाढली तर थ्रॉटल केबल ताणली जाते आहे. तशी गाडी रस्त्यावर काढू नका. ब्रेकचा होज टाकीला किंवा फोर्कला घासत नाही ना, तेही याच वेळी पाहा.

टायर कंपनीने त्या मॉडेलच्या वेगवेगळ्या आवृत्त्यांना दिलेल्या मापातच घ्या. अरुंद रिमवर रुंद टायर चढवला की त्याच्या कडा आत ओढल्या जातात, मधला भाग फुगतो, आणि रुंदी वाढूनही रस्त्याला टेकणारा भाग कमी होतो. शिवाय तो साखळीला किंवा स्विंगआर्मला (मागचे चाक धरणाऱ्या दांड्याला) घासतो.

आरसे काढू नका. हँडलच्या टोकाचे बार-एंड आरसे घेतले तर गाडीची रुंदी वाढते, हे गर्दीत लक्षात ठेवा.

२१. कॅफे रेसर (जुन्या रेसिंग धाटणीची, एका सीटची बाइक) करायची आहे. सबफ्रेम (सीटखालचा मागचा सांगाडा) कापली, एकच सीट ठेवली तर?

सबफ्रेम कापणे म्हणजे गाडीची रचना बदलणे, ते कलम ५२ च्या आड थेट येते. वेल्डिंगच्या बाजूची नळी कमकुवत होते आणि तडा बाहेरून दिसत नाही. सबफ्रेम न कापता, बोल्टवर बसणारी सीट आणि टेल वापरणारा बदल पुन्हा पूर्ववत करता येतो. मूळ सुटे भाग फेकू नका. इंजिन बदलायचे असेल तर त्याच कंपनीचे, त्याच प्रकारचे, बिलासह, आणि आरटीओच्या पूर्वपरवानगीने. नाहीतर इंजिन नंबर जुळत नसलेली गाडी चोरीची समजली जाते.

२२. पेट्रोलची बाइक इलेक्ट्रिक करता येते का?

येते, पण किट एआयएस-१२३ मानकाप्रमाणे पुण्याच्या एआरएआयसारख्या चाचणी संस्थेने तुमच्या मॉडेलसाठी मंजूर केलेले हवे. अधिकृत केंद्रात बसवून आरसीत इंधन बदलून घ्यावे लागते. नंतर प्लेटही हिरवी होते. मंजुरी किटला वेगळी आणि मॉडेलला वेगळी बघा. एका मॉडेलसाठी मंजूर किट दुसऱ्याला बसते म्हणून कायदेशीर होत नाही.

२३. दिव्यांग व्यक्तीसाठी बाजूची चाके लावायची आहेत. हाही बेकायदा बदल ठरतो का?

नाही, पण परवानगी इथेही लागते. दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रासह आरटीओत अर्ज करा आणि काम झाल्यावर तपासणी करून आरसीत ‘अनुकूलित वाहन’ अशी नोंद घ्या. ही नोंद चुकवू नका, कारण लायसन्स आणि विमा दोन्ही तिच्यावर उभे राहतात. जादा चाकांमुळे मागची प्लेट झाकली जात असेल तर फिटरकडून ती मध्यावर, थोडी मागे घ्या.

२४. पन्नास वर्षांपूर्वीची गाडी आहे. तिलाही हे सगळे लागू?

पन्नास वर्षांपेक्षा जुन्या, मूळ रूपात जपलेल्या दुचाकीला २०२१ च्या नियमांनी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदणी मिळते. नंबरात राज्याच्या कोडनंतर ‘व्हीए’ येते. नवीन नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, नूतनीकरणाचे ५,०००. पण ही गाडी रोजच्या वापरासाठी नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, इंधन भरणे एवढ्यासाठी. मोठे फेरफार केलेल्या गाडीला ही सवलत मिळत नाही, म्हणून जुन्या येझदीला नवे इंजिन घालण्याआधी विचार करा.

२५. गोव्यात भाड्याच्या बाइकची प्लेट काळी का असते? आमची एमएचची गाडी तिकडे चालते का?

काळ्यावर पिवळी अक्षरे म्हणजे भाड्याने देण्याचा परवाना असलेले वाहन. पांढऱ्या प्लेटची खासगी गाडी कोणी भाड्याने देत असेल तर घेऊ नका. स्वस्त पडते, पण अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करते. एमएचची स्वतःची गाडी गोव्यात चालते. मात्र ती तिथे सलग १२ महिन्यांपेक्षा जास्त ठेवायची असेल तर कलम ४७ नुसार तिकडचा नंबर घ्यावा लागतो.

२६. मॉडिफाय केलेली सेकंड हँड बाइक घेतो आहे. काय तपासू?

चेसिस आणि इंजिन नंबर स्वतः वाचून आरसीशी जुळवा; मोबाइलच्या टॉर्चने तिरका उजेड टाका, म्हणजे घासून पुन्हा ठोकलेला आकडा कळतो. आरसीवरचा रंग आणि गाडीचा रंग पाहा. एचएसआरपी प्रश्न ३ प्रमाणे तपासा. गाडीच्या नंबरावर थकलेली चलाने संकेतस्थळावर पाहा आणि विकणाऱ्याकडून व्यवहाराआधी भरून घ्या. मूळ सायलेन्सर, मागचा मडगार्ड, साडी गार्ड आणि आरसे विकणाऱ्याकडे आहेत का विचारा. नसतील तर त्यांची किंमत काढून सौद्यातून वजा करा, कारण ते तुम्हाला विकत आणावेच लागणार.

विमा नावावर करताना जे बदल राहणार आहेत ते विमा कंपनीला लेखी कळवा आणि पोचपावती ठेवा. न कळवलेला बदल अपघाताशी जोडला गेला तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा कापला किंवा नाकारला जातो.